हट्टाला समोर कोणी लागतं: सातवीच्या वर्गातल्या बारा शब्दांचं प्रकरण

सातवीचा वर्ग, ३६ मुलं, मराठीचा तास ४० मिनिटांचा. शिकवायला बारा शब्द निवडले होते: हट्ट, आग्रह, जिद्द, संकोच, भीड, दडपण, कुतूहल, उत्सुकता, जिज्ञासा, खंत, पश्चात्ताप, हळहळ. सगळेच्या सगळे मनातल्या हालचालींचे शब्द. निबंधात भावना लिहायची वेळ आली की मुलांची सगळी भिस्त 'वाईट वाटलं', 'छान वाटलं' आणि 'भीती वाटली' या तिघांवर असते. वह्या तपासताना हे मला फार खुपायचं. स्पर्धा हरल्यावर जे वाटतं आणि मैत्रिणीला टाकून बोलल्यावर जे वाटतं ते एकच कसं असेल? पण दोन्हीकडे 'वाईट वाटलं' असंच लिहिलेलं असायचं.

फळ्यावर शब्दार्थ लिहून द्यायचे, पाठ करून घ्यायचे आणि चाचणीत जोड्या लावायला द्यायच्या, हा रस्ता मी पुष्कळ वर्षं चालले. जोड्या बरोबर यायच्या, गुणही मिळायचे. महिन्याभरानं निबंध हातात घेतला की त्यातला एकही शब्द कुठे दिसायचा नाही. म्हणून या खेपेला ठरवलं की मुलांनी हे शब्द एकमेकांकडून, बोलत बोलत शिकायचे. त्यात पहिल्यांदा काय बिघडलं, का बिघडलं आणि दुसऱ्यांदा काय बदललं, ते इथे मांडते आहे.

पहिली खेप

मी जिगसॉ पद्धत घेतली. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञानं ती वर्गात आणली. तिथल्या शाळांमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि वातावरण तापलेलं होतं. ॲरन्सन यांची कल्पना अशी की धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. मग पूर्ण चित्र हवं असेल तर शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं. मुळात ही पद्धत मुलांमधली तेढ कमी करण्यासाठी होती. शब्द शिकवायला ती आपोआप लागू पडेल, हे मी गृहीत धरलं.

चार-चार मुलांचे नऊ मूळ गट केले. बारा शब्दांचे अर्थानुसार चार जुडगे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एक जुडगा दिला. एकाच जुडग्याची नऊ मुलं तज्ज्ञ गट म्हणून एकत्र यायची. नऊ जण एका जागी म्हणजे गोंगाट, म्हणून प्रत्येक तज्ज्ञ गटाचे चार आणि पाच असे दोन भाग केले. त्यांनी शब्दकोश पाहायचा, अर्थ ठरवायचा, उदाहरण शोधायचं आणि परत येऊन मूळ गटाला शिकवायचं. शेवटी प्रत्येक गटानं बारा शब्दांचा एक तक्ता करायचा.

दोन तास वर्ग नुसता घुमत होता. मुलं उठत होती, बसत होती, शब्दकोशाची पानं उलटत होती. नऊ सुंदर रंगीत तक्ते भिंतीवर लागले. मला मनापासून समाधान वाटलं.

आठवड्यानं मी एकेकट्यानं सोडवायचा कागद दिला. बारा वाक्यं, बारा रिकाम्या जागा, शब्द वर दिलेले. कागद तपासायला घेतले आणि पहिल्या चार-पाचांतच कळून चुकलं. 'आईशी खोटं बोलल्याची त्याला हळहळ झाली.' 'तिनं नव्या सायकलसाठी जिद्द केली.' 'पाहुण्यांसमोर गाताना त्याला खंत वाटली.' बाराही जागा बरोबर भरलेला एकही कागद नव्हता. स्वतःच्या जुडग्यातले तीन शब्द मुलांच्या ओळखीचे झाले होते, पण त्या तिघांतच ती सर्वांत जास्त गडबडत होती. उरलेल्या नऊ शब्दांबाबत तर बहुतेकांनी अंदाज पंचे केलेलं दिसत होतं. शब्द वहीत होते, भिंतीवर होते, तोंडात नव्हते.

त्या दोन तासांत खरं काय चाललं होतं

तक्ते पुन्हा नीट पाहिले तेव्हा नऊपैकी सात तक्त्यांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच अक्षर होतं. गटातल्या एका मुलानं, बहुतेक ठिकाणी सुवाच्य अक्षर असलेल्या मुलीनं, सगळं लिहिलं होतं. बाकीचे रंग भरत होते, पट्टीनं रेघा मारत होते. ते आळशी होते असं मुळीच नाही. मी मागितलंच होतं गटामागे एक तक्ता, आणि एक तक्ता करायला एक मूल पुरतं. गटकार्यावर आयुष्यभर काम केलेल्या रॉबर्ट स्लाव्हिन यांचं म्हणणं असं की गटाचं ध्येय सामाईक हवं आणि जबाबदारी मात्र एकेकाची हवी. या दोन्ही गोष्टी असतील तरच गटानं शिकण्याचा फायदा होतो. माझ्याकडे पहिली होती, दुसरी नव्हती.

मग एका गटाजवळून जाताना ऐकलेलं आठवलं. तज्ज्ञ होऊन परतलेला मुलगा सांगत होता, "भीड म्हणजे लाज. लिहा, लाज." तिघांनी लिहिलं, लाज. अर्ध्या मिनिटात 'भीड' संपली. त्या क्षणी मला ते काम होत असल्यासारखं वाटलं होतं. आता लक्षात आलं की त्या तिघांना 'भीड' या शब्दाची काही गरजच पडली नव्हती. एका शब्दाजागी दुसरा शब्द उतरवायचा होता, तो त्यांनी उतरवला. बाटिया लाउफर आणि यान हुलस्टाइन यांनी २००१ साली शब्द ध्यानात राहण्यामागचं एक गृहीतक मांडलं. काम करताना तो शब्द लागतो का, त्याचा अर्थ शोधावा लागतो का, आणि इथे हाच चपखल बसतो की दुसरा, असा निवाडा करावा लागतो का? गरज, शोध आणि निवाडा. मूळ गटातल्या मुलांच्या वाट्याला या तिन्हीतलं काहीच आलं नव्हतं. शोध तज्ज्ञ मुलानं केला होता आणि निवाडा कुणीच नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. 'हट्ट, आग्रह, जिद्द' या जुडग्याच्या पाच जणांच्या भागानं ठरवलं की आग्रह म्हणजे जबरदस्ती. चौघांच्या भागानं ठरवलं, प्रेमानं पुन्हापुन्हा सांगणं. मी दोन्हीकडे फक्त डोकावले होते. पाच मुलं पाच मूळ गटांत परतली आणि 'जबरदस्ती' वीस वह्यांत जाऊन बसली. मुलांनी स्वतः शोधावं, मध्ये तोंड घालू नये, हे मी फार कसोशीनं पाळलं होतं. आता माझं मत स्पष्ट झालं आहे: मुलांना आधी अंदाज बांधू द्यावा, पण चुकीचा अर्थ वर्गाबाहेर पडू देऊ नये. मुलांच्या तोंडून ऐकलेली चूक फळ्यावरच्या बरोबर अर्थापेक्षा चिवट असते, हे त्या वीस वह्यांनी मला शिकवलं. पुढे दोन महिने मी त्या 'जबरदस्ती'च्या मागे होते.

आणि जुडग्यांची मांडणी. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकवावेत, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की पाठ्यपुस्तकांतही तसंच असतं: रंग एका पानावर, नाती एका पानावर, भावना एका पानावर. टॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली कृत्रिम शब्द घेऊन प्रयोग केले. एकाच अर्थकुळातल्या शब्दांचा संच लक्षात ठेवायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त खेपा लागल्या. रॉब वॉरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांबरोबर तसाच प्रयोग करून १९९७ साली तसाच निष्कर्ष मांडला. एकाच दिवशी भेटलेली तीन जुळी भावंडं ओळखायला जशी अडचण होते, तसंच हे. खंत, पश्चात्ताप आणि हळहळ एकाच तासाला समोर आली की मूल तिन्ही चेहरे लक्षात ठेवतं, पण कुठलं नाव कुणाचं ते विसरतं. माझ्या मुलांनी स्वतःच्याच जुडग्यात गोंधळ का घातला, याचं उत्तर मला इथे मिळालं.

दुसरी खेप

शब्द तेच ठेवले, जुडगे मोडले. पहिल्या आठवड्यात हट्ट, संकोच, कुतूहल, खंत. दुसऱ्यात जिद्द, भीड, उत्सुकता, पश्चात्ताप. तिसऱ्यात आग्रह, दडपण, जिज्ञासा, हळहळ. एका तासाला दोनच शब्द. सख्खे शेजारी एकमेकांना एकदम चौथ्या आठवड्यात भेटणार.

तक्ते बंद केले. त्याऐवजी चिठ्ठ्या आणल्या. गटातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर एक छोटा प्रसंग. चिठ्ठी दाखवायची नाही, वाचूनही दाखवायची नाही. प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा. चारपैकी तीन प्रसंग फळ्यावरच्या शब्दाचे, एक त्याचा नाही. गटानं ठरवायचं, बाहेरचा कोणता आणि का. उदाहरण आणि उदाहरण नसलेलं उदाहरण शेजारी ठेवण्याची ही युक्ती जुनी आहे; विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ साली डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी संकल्पना शिकवण्यासाठी चौकोनांचा जो आराखडा केला, त्यात एक घर अशा नसलेल्या उदाहरणांसाठीच आहे. मी ते घर उचललं आणि त्यात मुलांना बसवलं.

'हट्ट' या शब्दाच्या चार चिठ्ठ्या अशा होत्या. रात्रीचे अकरा वाजलेत आणि लहान भाऊ म्हणतोय, गोष्ट सांगितल्याशिवाय झोपणार नाही. बाहेर पाऊस कोसळतोय आणि छोटी बहीण नवे बूट घालूनच बाहेर जायचं म्हणून रडतेय. आजोबांना ताप आहे, पण ते 'मला काही झालेलं नाही' म्हणत डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. पाय दुखावला होता तरी ती मुलगी बरी झाल्यावर रोज पहाटे उठून एकटीच धावण्याचा सराव करते.

चौथा प्रसंग अर्थातच जिद्दीचा. पण 'जिद्द' हा शब्द त्या दिवशी मी उच्चारला नाही. फक्त 'हट्ट इथे बसत नाही' एवढंच मुलांना जाणवायला हवं होतं.

आता चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात असल्यामुळे गप्प बसायची सोयच राहिली नाही. एकानं सांगितलं नाही तर गटाला निर्णय करता येत नाही. ॲरन्सन यांच्या तुकड्यांमागचा विचार हाच होता. पहिल्या खेपेला मी तुकडे केले होते, पण ते तुकडे उतरवून घेण्यासारखे होते. चर्चा झाली की मी पटावरचा कोणताही क्रमांक पुकारायची. त्या मुलानं उठून गटाचं कारण सांगायचं, गटानं मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या तासापासून गटांत एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलं: "थांब, तुला कळलंय ना? तुझा नंबर आला तर?" एरवी जे मूल 'त्याला येत नाही' म्हणून बाजूला राहायचं, त्याच्याभोवती आता बाकीचे तिघं वाकलेले दिसायचे.

शेवटची पाच मिनिटं माझी. त्यात मी शब्दाचा अर्थ सरळ, साध्या वाक्यात सांगायची. ज्या गटाचा अंदाज चुकला असेल त्याचं कारण घेऊन तो कुठे घसरला तेही सांगायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून दाखवून दिलं होतं की विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगानं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी तीन मिनिटं, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी तोच शब्द जोडीत परत यायचा, वही बंद ठेवून. यावर फार काही सांगण्यासारखं नाही. कंटाळवाणं काम आहे, चुकवलं की लगेच दिसतं.

चौथा आठवडा

या आठवड्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

फळ्यावर तीन शब्द एकत्र लिहिले: हट्ट, जिद्द, आग्रह. जुन्या चिठ्ठ्या मिसळून परत वाटल्या. आता बाहेरचा प्रसंग शोधायचा नव्हता, प्रत्येक प्रसंगाला तिघांतला एक शब्द द्यायचा होता आणि दुसरे दोन का नाहीत ते सांगायचं होतं. खिडकीजवळच्या गटात एक अगदी कमी बोलणारी मुलगी आहे. धावणाऱ्या मुलीची चिठ्ठी तिच्याकडे होती. गटातला मुलगा म्हणाला, "जिद्द आणि हट्ट सारखंच, फक्त जिद्द चांगली." ती थोडा वेळ चिठ्ठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हट्टाला समोर कोणी तरी लागतं. जिद्द एकट्यानं करता येते."

मी तिथेच उभी होते. शब्दकोशात इतक्या मोजक्या शब्दांत हा फरक मला कधी सापडला नव्हता.

मुलगा काही लगेच मानणारा नव्हता. "मग आग्रहाला पण समोर कोणी लागतं." तिनं मान हलवली. दुसरी मुलगी मदतीला आली, "हट्टात आपण मागतो. आग्रहात दुसऱ्याला द्यायचं असतं. 'अजून थोडं थांबा ना,' असं." यावर तोच मुलगा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही शुद्धलेखनाचा आग्रह धरता. त्यात आम्हाला काय देता?"

सगळा गट माझ्याकडे बघू लागला. मी उत्तर दिलं नाही, त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं. शेजारी दुसरं लिहिलं, 'आईनं थांबायचा आग्रह केला.' आणि विचारलं, दोन्ही वाक्यांत 'आग्रह' सोडून आणखी काय वेगळं आहे? मागून कोणीतरी ओरडलं, "केला आणि धरता!" तिथून तो तास माझ्या हातात राहिला नाही, आणि राहायला नकोच होता. आग्रह करणं वेगळं, आग्रह धरणं वेगळं. हट्ट धरतात, करतात आणि मोठी माणसं तो पुरवतात. जिद्द कोणी पुरवत नाही. माणूस जिद्दीला पेटतो, हट्टाला पेटतो आणि आग्रहाला मात्र पेटत नाही. मुलं एकेक क्रियापद शब्दाला लावून बघत होती, चावी कुलपाला लावून बघावी तशी. वीस वह्यांतली 'जबरदस्ती' त्या दिवशी पहिल्यांदा डळमळली, कारण 'त्यांनी प्रेमानं जबरदस्ती केली' हे वाक्य वाचून मुलांनाच ते खटकलं.

शब्द येणं म्हणजे त्याचं रूप, त्याचा अर्थ आणि त्याचा वापर, अशा तिन्ही बाजू येणं, ही शब्द शिकण्याचे अभ्यासक पॉल नेशन यांची मांडणी मी वाचली होती. वर्गात मात्र मी कायम मधल्या बाजूलाच कवटाळून बसले होते. भावनेच्या शब्दांबाबत तर मराठीत क्रियापद हेच अर्धं ज्ञान आहे. खंत वाटते, पश्चात्ताप होतो, दडपण येतं, उत्सुकता लागते किंवा ताणली जाते, कुतूहल जागं होतं आणि शमतं. हे सोबती ठाऊक नसतील तर मुलाला अर्थ माहीत असूनही वाक्य सुरू करता येत नाही, आणि मग ते 'वाईट वाटलं'कडे परत जातं. निबंधांत शब्द का उतरत नव्हते, याचं मला पटलेलं कारण हे आहे.

म्हणून पुढच्या तासाला क्रियापदांच्याच चिठ्ठ्या केल्या. अर्ध्या वर्गाकडे नामं, अर्ध्याकडे क्रियापदं. फिरून आपला जोडीदार शोधायचा आणि मिळून एक वाक्य करायचं. जोडीदार एकापेक्षा जास्त असू शकतात, हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. 'चेपते' अशी चिठ्ठी असलेला मुलगा बराच वेळ एकटा फिरत होता. त्याच्या घरी मराठी बोलत नाहीत. शेवटी 'भीड' त्याला सापडली तेव्हा त्यानं विचारलं, भीड काय फुगलेली असते का, की ती चेपायची? घरातून मराठी ऐकत आलेल्या एकाही मुलाला हा प्रश्न पडला नव्हता. मी वर्गाला विचारलं, भीड पडते तेव्हा ती कुठे पडते? एक जण म्हणाला, आपल्या अंगावर. मग रोज थोडं थोडं बोललं की ती दबत जाते, सपाट होते. भीड चेपली. ज्या मुलाला हा शब्द सर्वांत परका होता त्याच्यामुळे तो सगळ्यांना पहिल्यांदा दिसला. घरी वेगळी भाषा असलेल्या मुलांना गटात 'मदत लागणारी' म्हणून बसवायची माझी सवय त्या दिवसापासून सुटली.

हाताला काय लागलं

सहा आठवड्यांनी, न सांगता, प्रत्येकाला बारांतले कोणतेही पाच शब्द निवडून वाक्यं लिहायला दिली. शब्दांची यादी दिली नाही, आठवून लिहायचे होते. बहुतेक कागदांवर चार किंवा पाच शब्द योग्य क्रियापदासह आले. 'हळहळ' आणि 'पश्चात्ताप' यांची अदलाबदल जवळपास थांबली होती. चौथ्या आठवड्यात मुलांनी त्यांच्यासाठीही खूण शोधली होती: पश्चात्ताप आपण केलेल्या गोष्टीचा, हळहळ आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची. खंत मात्र अजून मधेच लोंबकळते आहे. ती आपण न केलेल्या गोष्टीची असते, असं एका गटानं सुचवलं. ते बरंच बरोबर आहे, पण पुरेसं नाही, हेही मी त्यांना सांगितलं.

'जिज्ञासा' कुणीच निवडला नाही. छत्तीसपैकी एकाही मुलानं नाही. मुलांना 'कुतूहल' मिळालं होतं आणि त्यांचं काम त्यानं भागत होतं. जिज्ञासेची गरज पडावी असा एकही प्रसंग माझ्या चिठ्ठ्यांत नव्हता. तो दोष चिठ्ठ्यांचा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. दुसऱ्या खेपेला शब्द तेच होते, मुलं त्यांना एकदा भेटलेली होती. त्यामुळे सुधारणेचं सगळं श्रेय चिठ्ठ्यांना देता येणार नाही. शिवाय बारा शब्दांना चार आठवडे लागले, ही गती सगळ्या शब्दांना परवडणारी नाही. बाकीचे शब्द वाचनातूनच येतील. गटात बसून झगडायचं ते अशाच शब्दांसाठी, जे एकमेकांना खेटून उभे असतात आणि ज्यांच्याशिवाय मुलाला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही.

पुढच्या सत्राच्या चिठ्ठ्या आता लिहायला घेतल्या आहेत. जिज्ञासेसाठी नवे प्रसंग शोधते आहे. आग्रहाच्या चिठ्ठ्यांत 'धरणं' आणि 'करणं' दोन्ही येतील याची काळजी घेतली आहे. आजोबांच्या चिठ्ठीवर पहिल्या तासाला दोन गट अडून बसले होते: आजोबा काही मागत नाहीयेत, नुसतं नाही म्हणताहेत, मग तो हट्ट कसा? 'हा हेका आहे,' असं एकीनं सांगितलं आणि 'हेका' हा माझ्या यादीत नसलेला तेरावा शब्द वर्गात आला. ती चिठ्ठी बदलायचा विचार मनात आला होता. पण नव्या वर्गालाही ती तशीच देणार आहे.